माउली म्हणवून घेण्याची अट

दिंडीत चालताना आपण एकमेकांना नावाने हाक मारत नाही. पाणी हवे असो, वाट हवी असो, पुढच्याला जरा सरकायला सांगायचे असो, 'माउली' एवढीच हाक. हाक मारणारा म्हातारा असतो आणि जिला ओ मिळते तो मिसरूड न फुटलेला पोरगा असतो, तरी तो माउलीच. आपल्या संप्रदायाने आईपण बाईच्या पोटापुरते ठेवले नाही. ते सर्वांच्या खांद्यावर दिले. साक्षात पांडुरंगालाही आपण विठाई म्हणून मोकळे होतो.

पण ज्याला माउली म्हटले, त्याच्या दारात खरोखरच एखादे पोरके लेकरू आणून उभे केले तर? जळगाव आणि धुळे या आपल्या दोन जिल्ह्यांत अशी लेकरे आणि अशी दारे यांची गाठ घालून देणे आणि ती गाठ नीट बसली की नाही हे पाहत राहणे, हे माझे काम आहे. या कामात एक प्रश्न वारंवार समोर येतो. तो कायद्याचा कमी आणि धर्माचा जास्त आहे, म्हणून येथे मांडते. परक्याच्या लेकरावर माया करायला जो पुढे आला, त्याची तपासणी कोणी करावी का? मायेला परवाना लागतो का?

आधी कामाची माहिती देते. महाराष्ट्रात १९७५ पासून बालसंगोपन योजना आहे. ज्या मुलाचे आईवडील गेले, किंवा दोघांपैकी एक गेला, किंवा पालक दुर्धर आजारात किंवा तुरुंगात आहेत, अशा मुलाला संस्थेत न पाठवता कुटुंबात वाढता यावे, हा तिचा हेतू. कित्येक वर्षे महिन्याला ४२५ रुपये मिळत. मग ते ११०० झाले. २०२३ मध्ये योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आणि रक्कम २२५० झाली. याशिवाय २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ४४ वे कलम आहे. त्यात प्रतिपालकत्व सांगितले आहे. रक्ताचे नाते नसलेले कुटुंबही मुलाला काही काळ आपल्या घरात सांभाळू शकते. हे दत्तक नव्हे. मुलाचे नाव, आडनाव बदलत नाही, आणि जन्मदात्यांशी असलेला त्याचा संबंध तुटत नाही.

निर्णय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा असतो. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. आम्ही घरी जातो, चौकशी करतो, अहवाल लिहितो. समिती आदेश देते. आदेश झाला की काम संपले असे नाही, तेथून ते सुरू होते. प्रतिपालक कुटुंबाची पाहणी दर महिन्याला व्हावी आणि मुलाच्या काळजीत कसूर दिसली तर त्याला तेथून हलवावे, असे कायदा सांगतो.

आता पूर्वपक्ष ऐकू. खानदेशाला दुसऱ्याचे पोर सांभाळणे नवे नाही. चाळीसगाव, पारोळा, साक्री या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या आखाजीच्या सुमारास परततात. तेवढे महिने कितीतरी पोरे आजीच्या, मावशीच्या, चुलतीच्या भाकरीवर वाढतात. कोणी कोणाला कागद मागत नाही. त्यामुळे लेकीच्या माघारी तिच्या मुलीला सांभाळणाऱ्या आजीच्या ओसरीवर मी वही उघडून बसते, तेव्हा ती अहिराणीत विचारते, "हाई पोर आमनीच शे, मंग कागद कसाले जोयजे?" पोर आमचीच आहे, तर कागद कशाला पाहिजे? परक्या मुलाला घरात घ्यायला निघालेला एखादा सज्जन माळकरीही दुखावतो. तो म्हणतो, मी पुण्यकर्म करायला निघालो आणि तुम्ही माझा पगार विचारता, शेजाऱ्यांना माझे व्यसन विचारता, हा तर अविश्वास झाला.

हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माया मापात मावत नाही, हे खरेच आहे. आणि तासाभरासाठी आलेल्या बाईला त्या घराचे अंतरंग कळते, असा दावा मीही करणार नाही. तरी या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते आपल्याच परंपरेत आहे.

आळंदीची चार भावंडे आठवा. निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानकाका आणि सर्वांत धाकटी मुक्ताई. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि चार लेकरे उघडी पडली. तेव्हाच्या समाजाने त्यांना काय मागितले? शुद्धिपत्र. पैठणला जा, पत्र आणा, मग तुम्हाला पंक्तीत घ्यायचे की नाही ते पाहू. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्यांनाच आपण शुद्ध असल्याचा पुरावा द्यावा लागला. ज्यांची दारे बंद होती त्यांना कोणी काही विचारले नाही.

आज मी वही घेऊन जाते तेव्हा पत्र मागण्याची ही दिशा उलटलेली असते. मुलाला काही सिद्ध करावे लागत नाही. त्याची जात, त्याच्या बापाचा गुन्हा, त्याच्या आईचा आजार, यांतले काहीही त्याच्या आड येऊ नये. प्रश्न घराला विचारायचे. या घराची ऐपत काय, इच्छा काय, लेकरे सांभाळल्याचा अनुभव काय? एवढ्या शतकांनी शुद्धिपत्र योग्य माणसाकडे मागितले जात आहे, असे मला वाटते. आणि त्याच ४४ व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, त्यांच्या हितासाठीच गरज असेल तरच वेगळे करावे. हे वाक्य वाचले की मला ती चार नावे आठवतात. थोरल्या भावाने धाकट्यांना आईबाप आणि गुरू म्हणून सांभाळले नसते, तर आपल्या हाती काय उरले असते? मुक्ताई याच मुलखात, तापीच्या काठी मेहुण येथे शके १२१९ मध्ये अंतर्धान पावल्या असे परंपरा सांगते. मुक्ताईनगरहून तिची पालखी दरवर्षी पंढरीला निघते. तिच्या पालखीपुढे माथा टेकवणाऱ्या आपल्याला पोरक्या भावंडांचा प्रश्न परका कसा वाटेल?

दुसरी आठवण जनाबाईंची. गंगाखेडच्या दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि तेथेच वाढली. आजच्या भाषेत ती सांभाळलेली पोर. त्या घराने तिला नामदेवरायांचा सहवास दिला, नाम दिले, आणि त्या घरातली दासी संतांच्या मांदियाळीत जाऊन बसली. हे त्या घराचे थोर देणे आहे. पण त्याच जनीच्या कथेत जाते आहे, उखळ आहे, गोवऱ्या आहेत, नदीवरचे धुणे आहे. देव तिच्याबरोबर दळायला बसला, हे ऐकताना आपले डोळे भरून येतात. दामाशेटींच्या घराला बोल लावावा असा माझा हेतू नाही. तो काळ वेगळा होता आणि दासीचे जिणे तेव्हा सर्वत्र तसेच होते. पण आजच्या एखाद्या घरात आणलेली मुलगी पहाटे उठून सर्वांचे पीठ, पाणी, भांडी करीत असेल आणि घरचा मुलगा शाळेत जात असेल, तर तिच्या जात्याला देव हात लावील म्हणून आपण स्वस्थ बसायचे का? देवाने ते एकदा करून दाखवले. पुढचे आपण करायचे आहे. माझी वही म्हणजे त्या जात्याला लावलेला हात आहे, असे मी समजते.

कारण मूल मागायला येणाऱ्या घरांत काही घरे अशीही असतात. म्हातारीला सोबत हवी, दुकानावर पोरगा हवा, सुनेला हाताखाली कोणी हवे. बोलताना शब्द अनाथाच्या सेवेचे असतात. खोटे बोलतात असेही नाही, त्यांना स्वतःलाच दोन्हींतला भेद दिसत नसतो. पुण्य मिळावे म्हणून मूल घेणे हासुद्धा मुलाचा वापरच आहे, फक्त त्याचे पीठ परलोकात पडते. लेकराला आपल्या पुण्याचे साधन व्हायचे नसते. त्याला जेवायचे असते, खेळायचे असते, आणि रात्री भीती वाटली तर कोणाच्या तरी कुशीत शिरायचे असते.

मग तपासायचे काय? अहवालात रकाने असतात. खोल्या किती, पत्रा की स्लॅब, शौचालय आहे का, उत्पन्न किती. ते भरावेच लागतात. पण केवळ त्यांवर निर्णय केला तर श्रीमंत घर चांगले आणि गरीब घर वाईट ठरेल, आणि तो अन्याय होईल. मी मुलाचे अंथरूण कोठे आहे ते पाहते. त्याचे दप्तर कोठे लटकते ते पाहते. जेवण कोणाच्या पंक्तीला होते ते विचारते. त्याच्याशी थोडा वेळ एकट्याने बोलते. आणि सर्वांत अधिक लक्ष एका गोष्टीकडे देते. पोर हट्ट करते का?

हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. लोक मला कौतुकाने सांगतात, "ताई, फार गुणी आहे हो, काही मागत नाही, सांगेल ते करते." हे ऐकले की मी सावध होते. फरशी बसवलेल्या चांगल्या घरात दहा वर्षांची मुलगी मी न मागता पाण्याचा तांब्या आणते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते, बसत नाही. आणि दुसरीकडे मातीच्या घरात आजीने कळण्याची भाकरी वाढली म्हणून नातू रुसून बसतो, मला नको म्हणतो, आजी चिडते, मग त्याच्यासाठी गूळ शोधते. पहिले घर अहवालात चांगले दिसते. पण लेकरू दुसऱ्या घरात घरी आलेले असते. ज्याला आपण येथून काढले जाऊ अशी भीती असते, ते रुसत नाही. रुसायला हक्क वाटावा लागतो.

हे मला कोणत्या प्रशिक्षणात उमजण्याआधी संतचरित्रांतून उमजले होते. लहानग्या नामदेवांनी देवापुढे नैवेद्य ठेवला आणि तू जेवल्याशिवाय मी उठणार नाही म्हणून हटून बसले. जनाबाई तर विठ्ठलावर रागावते, त्याला खडे बोल सुनावते. परक्याशी असे कोणी भांडत नाही. आपल्या संप्रदायाचा देव भक्ताचा हट्ट सहन करतो, म्हणून तो माउली. तेव्हा जे घर मुलाचा हट्ट, त्याची खोड, त्याचे रात्री अंथरूण ओले करणे, त्याचे मध्येच गप्प होणे सहन करू शकते, ते घर मंजूर करण्याजोगे. पुष्कळदा अशा घरांना मदत हवी असते ती पैशांपेक्षा याचीच. मूल खोटे का बोलते, भाकरी उशाशी का लपवते, हे त्यांना कोणी तरी समजावून सांगायला हवे असते. ज्याने उपास काढलेला असतो ते पोर भरल्या घरातही भाकरी लपवते. त्याला चोर म्हणू नये, एवढे सांगायला महिन्याची भेट उपयोगी पडते. तपासणी आणि आधार ही दोन कामे नव्हेत, एकाच भेटीच्या दोन बाजू आहेत.

राहिला अविश्वासाचा आक्षेप. माळ घालताना काय होते ते आठवावे. ग्रंथावर ठेवलेली तुळशीची माळ गळ्यात येते ती शब्द घेऊन येते. एकादशी धरीन, वारी चुकवणार नाही, मद्यमांस वर्ज्य करीन. त्या वेळी कोणी महाराजांना म्हणत नाही, की माझ्या भक्तीवर तुमचा विश्वास नाही म्हणून तुम्ही अटी घालता. वारीतही तसेच. एवढा प्रेमाचा लोट, पण दिंडीला क्रमांक आहे, रथापुढची आणि रथामागची जागा ठरलेली आहे, चोपदाराने चोप उंच केला की लाखोंचा समाज शांत उभा राहतो. शिस्तीमुळे प्रेम आटत नाही, म्हातारे माणूस चेंगरत नाही, एवढेच होते. मग जेथे सांभाळायचे आहे ते सर्वांत दुबळे माणूस आहे, जे आपली तक्रारही सांगू शकत नाही, तेथे अट नको असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्याचे मन स्वच्छ आहे त्याची तपासणीने फक्त एक दुपार जाते. पण तपासणीच नसेल तर एखाद्या लेकराचे बालपण जाऊ शकते.

पैशाच्या बाबतीतही हेच. करोनात ज्या मुलांचे आईवडील दोघेही गेले त्यांच्या नावे राज्य सरकारने ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली. अशा वेळी काका-मामांची माया पैशासाठीच जागी झाली असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. स्वतःची तीन पोरे असताना भावाची दोन पोरे पदरात घेणारी माणसे आपल्याकडे आहेत. पण रक्कम मुलाची आहे आणि आपण तिचे राखणदार आहोत, हे भान गरिबीत सुटू शकते. म्हणून हिशेब विचारणारा कोणी असावा. देवस्थानचा हिशेब आपण विचारतोच ना?

आता सर्वांत अवघड भाग. दत्तक मूल आपले होते. प्रतिपालकत्वात तसे नसते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षे सांभाळल्यावर दत्तकाची वाट काही मुलांसाठी खुली केली आहे. पण जन्मदाते आहेत आणि पुढे सावरले आहेत, असे समितीला दिसले तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. आई आजारातून उठते, बाप सुटून येतो. तोवर दुसऱ्या एका बाईने त्या मुलाला ताप आला म्हणून रात्री जागवलेल्या असतात. तिला काय सांगायचे?

आपल्याला गोकुळाची गोष्ट ठाऊक आहे. देवकीने जन्म दिला, यशोदेने वाढवले, आणि एके दिवशी अक्रूर रथ घेऊन दारात आला. त्याचे नाव अक्रूर, पण गोकुळाला त्या दिवशी त्याच्याइतका क्रूर कोणी वाटला नसेल. माझ्या कामात तो रथ कधी कधी मला न्यावा लागतो. हातात समितीचा आदेश असतो, तो बरोबर असतो, आणि तरी चुलीपाशी बसलेली बाई माझ्याकडे पाहत नाही. आई गरीब आहे, तिचे घर लहान आहे, एवढ्या कारणाने लेकरू तिला परत द्यायचे नाही, असे होऊ शकत नाही. गरिबी हा आईपणातला दोष नव्हे. पण म्हणून सांभाळणारीचे रडणे खोटे ठरत नाही.

येथे मला एक शब्द उपयोगी पडतो, ठेव. पूर्वी यात्रेला जाताना लोक आपली चीजवस्तू गावातल्या विश्वासू माणसाकडे ठेवून जात. तो माणूस ती स्वतःच्या सोन्यापेक्षा जपून ठेवी, कारण ती त्याची नसे. ठेव म्हणजे कमी जपायची वस्तू नव्हे, अधिक जपायची. प्रतिपालक आईला मी हेच सांगते. माया हात राखून करू नका. पोर जाणार म्हणून जीव कमी लावाल तर त्याला ते कळते, आणि ते दुसऱ्यांदा पोरके होते. पूर्ण माया करा, फक्त मालकी सांगू नका. ममता ठेवायची आणि ममत्व सोडायचे, हे कीर्तनात ऐकायला सोपे वाटते, पण ते खरोखर आचरणारी माणसे मला या दोन जिल्ह्यांतल्या साध्या घरांत भेटतात. फळावर हक्क न सांगता कर्म करावे, ही गीतेची शिकवण ज्ञानोबारायांनी मराठीत आणून दिली. तिचा असा अर्थ मला त्या बायांनी दाखवला. आणि नंतर त्यांना एकटे सोडायचे नसते. दोन्ही घरांना चालत असेल तर आखाजीला पोराला त्या सांभाळलेल्या घरी भेटायला आणावे. त्याला दोन माहेरे झाली तर काय बिघडले?

वाचकांपैकी प्रत्येकाने मूल घरी आणावे, असे मी म्हणत नाही. ते सर्वांचे काम नव्हे, आणि ऐपत किंवा तयारी नसताना भावनेच्या भरात आणूही नये. पण काही गोष्टी प्रत्येक गावात करता येतात. कोणाचे पोरके मूल स्टॅम्पपेपरवर लिहून कोणाला देऊन टाकतात, ते होऊ देऊ नका. तसा कागद कायद्यात टिकत नाही आणि त्या मुलाचे पुढे काय झाले हे विचारणारा कोणी उरत नाही. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे किंवा बाल संरक्षण कक्षाकडे जा. मूल संकटात दिसले तर १०९८ वर कळवा. एखादी आजी एकटी नातवंडे सांभाळत असेल तर तिचा बालसंगोपनाचा अर्ज भरून द्या. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते, यांत तिच्या चपला झिजतात. वारीत अनोळखी म्हाताऱ्याचा हात धरून नदी ओलांडणारे आपण, तिला तालुक्याच्या कचेरीपर्यंत सोबत सहज करू शकतो.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी दुसऱ्यांच्या मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांच्या अंथरुणांच्या घड्या घालीत. त्याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. मला ही दोन कामे वेगळी वाटत नाहीत. ज्याने परक्या लेकरांची अंथरुणे घातली, त्यालाच देवाचे दार काही लेकरांना बंद आहे हे सहन झाले नाही.

तेव्हा मायेला परवाना लागतो का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. मायेला लागत नाही. ती कोणीही कोणावरही करावी. पण दुसऱ्याच्या लेकराचे दिवस आणि रात्री आपल्या हाती घ्यायच्या असतील, तर कोणी विचारावे आणि आपण सांगावे, यात कमीपणा नाही. माउली ही हाक दिंडीत फुकट मिळते. घरी ती टिकवायची तर लेकराला रुसता आले पाहिजे, आणि त्याची खबर घ्यायला आलेल्यासाठी दार उघडे असले पाहिजे.

रामकृष्णहरी.